गोदामाईचं जन्मस्थान बघायचंय? आधी पायांचा हिशोब करा

त्र्यंबकला जाणारे बरेच जण कुशावर्त कुंडात डुबकी मारतात आणि गोदावरीचा उगम पाहिला म्हणून परततात. उगम वर, ब्रह्मगिरीवर आहे. गौतम ऋषींच्या तपाने गंगा तिथे अवतरली अशी श्रद्धा. म्हणून आपल्याकडे गोदेला सर्रास गंगाच म्हणतात.

नाशिकहून त्र्यंबक साधारण 30 किलोमीटर. नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, पहाटेची एसटी धरा आणि उन्हं तापायच्या आत चढायला लागा. गुडघे कुरकुरत असतील तर निम्म्यावरच्या गंगाद्वारापर्यंतच जा. तिथेही गोदामाईचं दर्शन होतं. माथा गाठायचा तर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, उंच आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळवू नका, सॅकमध्ये टाका. माकडं विचारून घेत नाहीत!

वर पोचल्यावर धबधबा शोधू नका. 1,465 किलोमीटर वाहणारी नदी इथे दिसते ती एवढीशी. माझी आई तर म्हणाली, ‘एवढंच?’ आणि मग बराच वेळ तिथून हललीच नाही.