ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांची शाळा: सर्वेक्षण की मुलाखती?

समजा, प्रबंधाचा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम. पद्धत ठरवण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘हंगामात किती मुलांची शाळा सुटते?’ याला संख्यात्मक सर्वेक्षण लागतं. ‘कुठलं मूल आजीकडे ठेवायचं, कुठलं सोबत न्यायचं, हे घरात कसं ठरतं?’ याला मुलाखती.

सर्वेक्षणाचा हिशोब आधी करा. 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के त्रुटी धरली, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीला, 385 कुटुंबं लागतात. पण आपण आधी गावं निवडतो, मग घरं. एका गावातली घरं बरीच सारखी असतात, म्हणून आकडा निदान दीडपट, म्हणजे 578 करावा लागतो. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही. ±10 टक्के त्रुटी मान्य केली तर दीडपटीसह 146 घरांत भागतं. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

वेळ चुकली तर सगळंच फसतं. दिवाळीनंतर गावात गेलात तर भेटतात ती न गेलेली कुटुंबं. मे-जूनमध्ये जा. हजेरीपटावरही विसंबू नका, नाव पटावर आणि मूल फडात असू शकतं.

‘घरातून तोडीला किती जण जातात?’ याला ‘एक कोयता’ असं उत्तर येतं. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. फॉर्मात 1 लिहिलं की बाई आकड्यातून गायब! म्हणून आधी पाच-सहा मोकळ्या मुलाखती घ्या, त्यांतून प्रश्नावली बांधा, 20-25 घरांत तपासा आणि मगच सर्वेक्षणाला निघा.

सविस्तर मुलाखती साधारण 12 ते 15. सलग तीन मुलाखतींत नवा मुद्दा आला नाही की थांबता येतं. बायकांशी वेगळं बोला, आणि मजूर जमवणाऱ्या मुकादमासमोर तर मुलाखत घेऊच नका. त्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेला माणूस काय बोलणार? मुलांशी बोलताना पालकांची आणि मुलाचीही संमती घ्या. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन चार ते सहा तास खातं, हे वेळापत्रकात धरा.

15 मुलाखतींवरून ‘60 टक्के पालकांना वाटतं’ असं लिहिणं ही परीक्षकाला लगेच दिसणारी चूक. सर्वेक्षणातली उलट चूक जास्त छुपी: पालक तोडीला गेल्यावर मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांची गळती कमी दिसली, म्हणून श्रेय वसतिगृहाला देणं. शिक्षणाची आस्था असलेले पालकच मुलांना तिथे ठेवत असतील, तर फरक आधीपासूनचाच असेल.