जीवनसत्त्व पेशीत शिरलं, पण पोचलं का? या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या वहीत एक बाण हमखास दिसतो: जीवनसत्त्व, पेशीपटल, एन्झाइम. संपलं. खरं तर कोफॅक्टर (एन्झाइमला कामासाठी लागणारा मदतनीस रेणू) कुठे तयार होतो आणि कुठल्या रूपात मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचं, आतलं पटल ओलांडतो, हे दर जीवनसत्त्वागणिक बदलतं. एकच आकृती सगळ्यांना लावली की घोळ होतो.

थायमिन (बी१) घ्या. ते मायटोकॉन्ड्रियात गेल्यावर त्याचं टीपीपी (थायमिन पायरोफॉस्फेट, त्याचं कोफॅक्टर रूप) होतं, असं सर्रास लिहिलं जातं. उलट आहे. टीपीपी सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात, मायटोकॉन्ड्रियाबाहेर) बनतं आणि तयार माल एसएलसी२५ए१९ हा वाहक आत नेतो. वाहकच बिघडला, तर बाहेर टीपीपी असूनही आतलं पायरुव्हेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम अडतं. (याच प्रथिनाला २००१ मध्ये डीऑक्सिन्यूक्लिओटाइडचा (डीएनएच्या घटकांचा) वाहक ठरवलं होतं, २००६ मध्ये ते टीपीपीचं निघालं. वाहकाच्या नावावर फार विसंबू नका.)

एनएडी या बी३पासून बनणाऱ्या कोफॅक्टरबाबत सर्वांत जास्त गोंधळ. मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट शटल (पटलापलीकडे ने-आण करणारी अभिक्रियांची साखळी) एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेला एनएडी, आत नेते, हे वाक्य खोडाच. आत जातात ते इलेक्ट्रॉन. रेणू बाहेरच राहतो. मग आतला एनएडी येतो कुठून? यीस्टमधले वाहक २००६ मध्येच सापडले होते, पण सस्तन प्राण्यांत तसा वाहक नसावा, असं बराच काळ मानलं जाई. २०२० मध्ये एसएलसी२५ए५१ सापडला आणि तो समज गेला. त्याआधीचं पुस्तक वापरत असाल, तर ते पान तपासून घ्या. प्रयोगातली चूक याला जोडूनच येते: अख्ख्या पेशीतला एनएडी मोजायचा आणि निष्कर्ष मायटोकॉन्ड्रियाबद्दल काढायचा. आधी मायटोकॉन्ड्रिया वेगळे करा, मग मोजा.

मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाची काळजी नको, तिथे पोरिन या प्रथिनाची भोकं आहेत. अडथळा आतल्या पटलाचा.

बी१२ची वाट आणखी वाकडी. ते आधी लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) उतरतं. तिथून सुटायला एलएमबीडी१ आणि एबीसीडी४ ही दोन्ही प्रथिनं लागतात. पुढे दोन वाटा फुटतात: एक मायटोकॉन्ड्रियाकडे, दुसरी सायटोसोलमधल्या एन्झाइमकडे. त्यामुळे रक्तातलं बी१२ ठीक दिसलं म्हणून फाइल बंद करू नका. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी१२चं काम अडलं की साचणारी दोन द्रव्यं) दोन्ही वाढलेली असतील, तर वाटा फुटण्याआधीच काहीतरी अडलंय. फक्त मिथाइलमॅलोनिक आम्ल वाढलं असेल, तर मायटोकॉन्ड्रियाकडची वाट बघा. एकटं होमोसिस्टीन वाढलं असेल, तर सायटोसोलकडची. पण त्याआधी फोलेट (बी९) तपासा.