टर्बो गाडी ऑइल खातेय, पिकअपही गेलाय? टर्बो उतरवण्याआधी हे तपासा

गाडी ऑइल खायला लागली आणि सोबत पिकअपही पडला, की पहिला संशय टर्बोवर (एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागावर) जातो. बऱ्याचदा तो चुकीचा असतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याला स्वच्छ ऑइल मिळालं नाही, किंवा मिळालेलं ऑइल खाली परत गेलं नाही, तर तो मरतो. म्हणून आधी इंजिनाची चौकशी, मग टर्बोची. उलट क्रमाने गेलात तर नवा टर्बो बसेल आणि थोड्याच दिवसांत तोही ऑइल मारू लागेल.

सुरुवात डिपस्टिकपासून. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वरच्या खुणेपलीकडे भरू नका. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ऑइल थेट हवेच्या पाइपात जातं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढत असेल, तर फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. पट्टीला डिझेलचा वास येतो, बोटावर ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं. अशी गाडी चालवत राहू नका, आधी ऑइल बदला.

खाण्याचा अंदाज डोळ्याने करू नका. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, १००० किलोमीटरनंतर त्याच जागी उभी करून मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत भरा. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप अनेक कंपन्या मर्यादेत धरतात. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची: आधी २०० मिली लागायचं आणि आता ६०० लागतं, तर काहीतरी बदललंय. बाहेरची गळती आधीच टॉर्च मारून बाद करा: व्हॉल्व्ह कव्हर, ऑइल फिल्टरची बैठक, टर्बोतलं ऑइल खाली नेणाऱ्या ड्रेन पाइपाचे जोड.

मग धूर बघा. सकाळी सुरू करताना निळा भपका आणि नंतर साफ, हे व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यांवर ऑइल अडवणारे सील). गिअरमध्ये पाय काढून उतार उतरल्यावर पुन्हा रेस दिली की निळा लोट, तेही बहुधा सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी). पाच मिनिटं आयडलवर ठेवून रेस केल्यावर लोट आला, तर सील किंवा टर्बो, दोन्ही शक्य. जोर लावताना सतत निळा असेल तर पिस्टनची रिंग किंवा टर्बोची हवेची बाजू. डिझेलमध्ये काळा धूर आणि पिकअप नाही, म्हणजे इंधन आहे पण हवा पोचत नाही. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर कूलंटचा. ते प्रकरण हेड गॅसकेटकडे जातं.

आता ब्रीदर. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त चांगले टर्बो याच्यापायी बदलले जातात. टर्बोतलं ऑइल खाली संपमध्ये फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, त्याला ढकलणारा पंप नसतो. आणि टर्बोचे सील रबराचे नसतात. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. ब्रीदर तुंबला, की संपमध्ये दाब साचतो, उतरणारं ऑइल अडतं आणि या कड्यांच्या बाजूने बाहेर पडतं. टर्बो धडधाकट असूनही सायलेन्सरमधून निळा धूर येतो, इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) ऑइल साचतं.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण खोलून भोकावर उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडालं आणि फकफक वाफ आली, तर आत दाब आहे. उलट इतकं घट्ट ओढून धरलं की काढताना जोर लागतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो, तर पीसीव्हीचा (ब्रीदरच्या झडपेचा) पडदा फाटलेला असू शकतो. तोही ऑइल हवेच्या पाइपात खेचतो. दाब सापडला तर ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही काढून आतला गाळ बघा. ते साफ निघाले आणि तरी इंजिन फकफकतंय, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. पेट्रोलवर सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

ड्रेन पाइपही काढून आरपार बघा. गॅसकेटऐवजी लिंपलेला सिलिकॉन आत फुगून अर्धा रस्ता अडवतो, हा नेहमीचा प्रताप.

पिकअपसाठी स्कॅनर लावा, पण नुसता कोड वाचून थांबू नका. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल. तसं नसेल तर पुढचे आकडे खोटेच. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५००-२००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. स्कॅनर दुसऱ्याने बघायचा. गाडीच्या कॉम्प्युटरने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) शेजारी ठेवा. मिळालेला कमी (कोड बहुधा पी०२९९) तर गळती, उघडा राहिलेला वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), एक्झॉस्टचा जोर कमी-जास्त करणाऱ्या पात्या अडकलेल्या किंवा तुंबलेला एक्झॉस्ट. मिळालेला उसळून वर गेला आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे स्वतःहून जोर कमी करून चालायला लागली (पी०२३४), तर काजळीने पात्या बंद बाजूला अडकल्यात किंवा वेस्टगेटची नळी निघालीय. दोन्ही जुळतात आणि तरी गाडी ओढत नाही? मग टर्बोला सोडा. इंधन, एअरफ्लो सेन्सर, घसरणारा क्लच, धरून राहिलेले ब्रेक बघा.

बूस्टची गळती बहुतेक वेळा क्लॅम्पजवळ दिसते: इंटरकूलरच्या खालच्या कोपराशी धूळ चिकटलेला ओला काळा पट्टा, पंख्यासारखा पसरलेला. होजला अंगठ्याने वाकवून खालची बाजू बघा. चीर दाबाखालीच उघडते, एरवी पाइप साबूत वाटतो. खात्रीसाठी टर्बोच्या आधीचं तोंड बंद करून ०.७ ते १ बार हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. त्याआधी ब्रीदरची जोडणी बंद करायची, नाहीतर तीच हवा संपमध्ये जाऊन क्रँकचे सील बाहेर ढकलेल. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर (वेस्टगेट किंवा पात्या हलवणारा भाग) हातपंपाने ओढून बघा: दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि पंपावरचा काटा खाली येता कामा नये.

एवढं झाल्यावर टर्बोला हात लावा, थंड इंजिनावर. शाफ्ट वर-खाली किंचित हलतो; ती ऑइलच्या थराची जागा आहे, दोष नव्हे. पुढे-मागे मात्र हालचाल जाणवायला नको. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकांवर घासल्याची चमक असेल, तर टर्बो संपला. टोकं झिजून बोथट झाली असतील तर एअर फिल्टरची बैठक बघा, धूळ आत जातेय. इंटरकूलरमध्ये पातळ थर चालतो. ओतल्यावर कपभर निघालं तर ते पूर्ण रिकामं करूनच बसवा. डिझेल इंजिन तेच ऑइल पिऊन बेफाम पळू शकतं आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा.

टर्बो बदलायचाच झाला, तर ऑइल येणारा पाइपही नवा घ्या. गरम इंजिन झटकन बंद करून करून त्यात कोळसा जमतो. त्या पाइपाच्या बँजो बोल्टमध्ये (पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असेल तर ती विसरू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, टर्बोच्या ऑइल येण्याच्या तोंडात स्वच्छ ऑइल घालून शाफ्ट हाताने फिरवा. इंधन बंद ठेवून प्रेशरचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद नुसता स्टार्टर फिरवा. मग दोन-तीन मिनिटं आयडल, रेस नाही. पहिल्या फेरीनंतर ड्रेनचे दोन्ही जोड बोटाने पुसून बघा. बोट कोरडं यायला हवं.