जुन्या कॅबिनेटचं तोंड कापताना

आमच्या भिंतीपलीकडे आठ पॉवरलूम चालतात. टॉवेल निघतात. खटखटीची सवय झाली, सुताच्या तुसाची होत नाही. खिडकी लावली तरी ते येतं आणि सरळ कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतं. एप्रिलमध्ये माझं मशीन गेम चालू असताना आपोआप बंद पडायला लागलं, तेव्हा झाकण काढलं. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकवर चक्क तुसाची गोधडी पसरली होती.

नवं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, बघायला नवी पेठेत गेलो. समोर काच, आत रंगीत दिवे आणि हवेला वाट म्हणून कडेला बोटभर फट. सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पंखा काही खोलीपेक्षा गार हवा आणत नाही. म्हटलं, हे आपल्या कामाचं नाही. परत येताना भंगारवाल्याकडून तीनशे रुपयांत एक जुनं कॅबिनेट उचललं आणि त्याचंच तोंड कापलं.

जुनं घेताना भिऊ नका. एटीएक्स हा मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचा साचा इंटेलने १९९५ मध्ये आणला. मदरबोर्डच्या स्क्रूंच्या जागा आजही त्याच आहेत, त्यामुळे नवा बोर्ड जुन्या पत्र्यावर बसतो. बाजूच्या पत्र्यावर अंगठा दाबून बघा. खळगा पडला तर तिथेच सोडा. टेप सोबत ठेवा. जुनी कॅबिनेटं अठरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात, त्यात प्रोसेसरवरचा उंच टॉवर कूलर मावत नाही, प्रोसेसरसोबत आलेला बसका कूलर मावतो. ग्राफिक्स कार्डाची लांबीही मोजा. कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडत असेल तर पिंजरा काढता येतो. तो पॉप रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या पोकळ खिळ्यांवर असतो. रिव्हेटच्या डोक्यावर साडेतीन मिलिमीटरचं ड्रिल धरायचं, डोकं निघालं की उरलेला भाग पंचने आत ठोकायचा. हार्ड डिस्क मग तळाला स्क्रूने बसवली तरी चालते.

आता खरं काम. समोरच्या पत्र्याला १२० मिलिमीटरचे दोन पंखे एकावर एक बसवायचे. या पंख्याच्या स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात, मधलं गोल भोक साधारण ११५ चं. मी मिठाईच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर कंपासने गोल काढला, गुण्या लावून स्क्रूच्या चार जागा टोचल्या आणि तो साचा मास्किंग टेप लावलेल्या पत्र्यावर गिरवला. टेप दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर रंगावर ओरखडे येतात.

पहिला गोल मी ग्राइंडरने कापायला गेलो. चकती सरळच जाते, वळत नाही, हे कळेपर्यंत रेघ गोलाबाहेर दोन बोटं गेली होती. आवाज ऐकून समोरचे अण्णा आले. ते गेट आणि ग्रिल करतात.

"काय करलालास बे?"

"गोल कापतोय, अण्णा."

"गोल असा कापत नसतेत. भोकांची माळ पाड की."

तीच पद्धत सांगतो. रेघेच्या दोन मिलिमीटर आत चार मिलिमीटरच्या भोकांची माळ पाडायची, एकमेकांना खेटून. प्रत्येक भोकाआधी पंचने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं. पत्र्यामागे लाकडाची फळी आणि ड्रिलला थेंबभर तेल. मग दोन भोकांमधली जोडणी छन्नीने तोडायची. चकती खाली पडते आणि कडेला दातऱ्या राहतात. त्या अर्धगोल कानशीने रेघेपर्यंत घासायच्या. एका गोलाला मला पाऊण तास लागला. जिगसॉ असेल तर बारीक दातांचं लोखंडाचं पातं लावा, काम लवकर होतं. पण जिगसॉच्या कडेलाही कानस लागतेच. डोळे वाचवायला चष्मा मात्र दोन्ही पद्धतींत हवा. चुकून कापलेल्या जागेवर अण्णांनीच पत्र्याची पट्टी रिव्हेट करून दिली. चहावर भागलं.

एक सांगून ठेवतो, खाली टेरी टॉवेल अंथरू नका. मी अंथरला. लोखंडाचा कीस त्याच्या फाशांत असा रुतला की तीनदा धुऊनही निघाला नाही, आणि नेमकं आईने त्यालाच हात पुसले. पुढचं बोलणं इथे लिहीत नाही. जुना फ्लेक्स अंथरा. कॅबिनेटमधला कीस काढायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा; पिशवी उलटी केली की कीस सुटतो. एक तुकडा जरी बोर्डाखाली राहिला तरी शॉर्ट होऊ शकतो.

रंगाआधी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा हात द्या. स्प्रे वीतभर लांबून, पातळ तीन हात. दुपारी नको, आपल्या उन्हात रंग पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. मी लूम बंद असलेल्या दिवशी सकाळी सातला गच्चीवर मारला, नाहीतर ओल्या रंगावर तूस चिकटलं असतं. पॉवर सप्लायच्या स्क्रूखालचा आणि बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांच्या बुडाचा रंग खरवडून पत्रा उघडा ठेवा, अर्थिंग तिथूनच मिळतं. बोर्डाला जिथे भोक नाही तिथली खुंटी काढून टाका.

पंखे बसवताना बघा, पाती मोकळी दिसतात त्या बाजूने हवा आत ओढली जाते आणि आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. समोरून दोन आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून ती बाहेरच ढकलली जाते आणि तुसाला जाळीशिवाय वाट राहत नाही. जाळी म्हणून आधी सोफ्याचा फोम लावला होता, आठ दिवसांत तुंबला. आता मच्छरदाणीची नायलॉन जाळी आहे, कडेने फ्रिजच्या जुन्या दरवाजातली चुंबकाची पट्टी शिवलेली. ओढली की हातात येते.

पॉवर बटणाच्या वायरी कशाही लावा, दिव्याच्या वायरींना मात्र अधिक-उणे बघावं लागतं.

तोच गेम, खोलीत ३९ अंश. आधी प्रोसेसर पंचाण्णववर जायचा, आता अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जात नाही. जाळी दर रविवारी नळाखाली धरतो. मागच्या रविवारी सगळे पुंजके गुलाबी निघाले. पलीकडे त्या आठवड्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती.