उंबऱ्याबाहेरची भीती : पॅनिक डिसऑर्डरवर गोळ्या आणि सराव यांची सांगड कशी घालावी

सोलापूरच्या नवी पेठेत खरेदी करताना अचानक छाती धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपले काही खरे नाही असे वाटते. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. पण असे दोन-चार झटके आले की माणूस आधी नवी पेठ टाळतो, मग सिटी बस, मग एसटी, आणि काही महिन्यांत त्याचे जग घराच्या उंबऱ्यापाशी संपते. वारंवार येणाऱ्या या झटक्यांच्या आजाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. झटका आला तर येथून सुटका होणार नाही, या धास्तीने ठिकाणे टाळत जाणे म्हणजे अ‍ॅगोराफोबिया. अशक्तपणा, गॅस, बाहेरची बाधा अशी नावे देत घरोघरी यावर वर्षे वाया जातात, याचे फार वाईट वाटते, कारण हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे.

प्रथम फॅमिली डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी. तपासण्या व्यवस्थित आल्या, की केवळ धीर मिळावा म्हणून दर महिन्याला नवा ईसीजी काढू नये. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. खासगी फी परवडत नसेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जावे. घराबाहेर पडणेच शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डॉक्टर बहुधा एसएसआरआय या, चिंता आणि नैराश्यावरच्या औषधांच्या गटातील औषध देतात. सर्ट्रालिन असेल तर सुरुवात 25 मिलिग्रॅमने आणि एस्सिटालोप्रॅम असेल तर 5 मिलिग्रॅमने होते, कारण या आजारात पहिले काही दिवस गोळीमुळेच बेचैनी वाढू शकते. अनेक जण याच दिवसांत गोळी सोडतात. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा; मात्र बेचैनी असह्य झाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण वर्षभर चालते आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केले जाते. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम ही शामक औषधे लगेच आराम देतात, पण त्यांची सवय लागते; म्हणून ती थोड्याच काळासाठी असावीत. रोज घेत असाल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नयेत, त्यामुळे फिट येण्याचा धोका असतो.

गोळी भीतीची धार कमी करते, पण नवी पेठेत आपल्याऐवजी गोळी जात नाही. ते काम एक्सपोजर थेरपीचे, म्हणजे टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने मुद्दाम जाण्याच्या सरावाचे. एका वहीत टाळलेली ठिकाणे लिहावीत आणि प्रत्येकापुढे भीतीचे शंभरपैकी गुण मांडावेत : कोपऱ्यावरचे किराणा दुकान 30, सकाळी अकराची नवी पेठ 50, तीच पेठ संध्याकाळी 70, तुळजापूरची एसटी 80, हुतात्मा एक्सप्रेसने पुणे 90, आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा 100. चाळीसच्या आतल्या ठिकाणापासून सुरुवात करावी, आठवड्यातून चार-पाच दिवस जावे आणि भीती निदान निम्म्यावर येईपर्यंत तेथून हलू नये. भीती ऐन भरात असताना पळून आल्यास, पळालो म्हणूनच वाचलो, अशी मनाची खात्री होते, आणि हीच खात्री आजाराला पोसते.

माझ्या पाहण्यातील जुळे सोलापूरच्या एक ताई साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या होत्या. वहीत 75 लिहिले होते, पाच मिनिटांनी 80, मग बराच वेळ काहीच नाही, आणि पंचविसाव्या मिनिटाला थरथरत्या अक्षरात 35. तेव्हा त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि एक क्लोनाझेपाम होती. पुढच्या खेपेला बाटली घरी ठेवली, त्यापुढच्या खेपेला गोळी, आणि शेवटी सोबत येणारे यजमानही. असे आधार काढले नाहीत तर श्रेय त्यांनाच जाते. घरच्यांनी म्हणूनच, ‘तू राहू दे, मी आणतो,’ म्हणण्याचा मोह आवरावा; तो मायेपोटीच येतो, पण आजाराच्या पथ्यावर पडतो.

धडधडीचीच भीती वाटत असेल तर थेरपिस्टच्या देखरेखीखाली ती मुद्दाम निर्माण करतात : मिनिटभर जागच्या जागी धावणे, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणे, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणे. दमा, हृदयविकार, फिट किंवा गर्भारपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम, चक्कर आणि धडधड कोणालाही होते, त्यामुळे त्या दिवसांत सराव सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर करावा.

मध्येच एखादा झटका पुन्हा येईल. त्या दिवशी वहीत तारीख, ठिकाण आणि गुण लिहावेत, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच ठिकाणी परत जावे.