बेसला ड्रिल लावण्याआधी

बेस गिटारमधला कुठलाही बदल करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: उद्या मन पालटलं, तर स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर हे सगळं पूर्ववत होईल का? होत असेल तर बिनधास्त करा. त्यासाठी ड्रिल, राउटर (लाकूड कोरण्याचं यंत्र) किंवा काचपेपर हातात घ्यावा लागत असेल तर थांबा. पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग), पॉट (नॉबखालचा फिरता भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) काढता येतात आणि परत लावताही येतात. कोरलेलं लाकूड आणि खरवडलेलं पॉलिश मात्र गेलं ते गेलं.

आवाजाच्या बाजूने पाहिलं तर ‘मूळ की बदललेला’ हा वाद फारसा कामाचा नाही. बेसवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं बहुतेक काम फेंडर कंपनीच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर केलं. त्यावर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळणीच्या, गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या कव्हरखाली फोमचा तुकडा, आणि बाकी सगळं कारखान्यातून आलं तसं. याउलट बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या, फेंडरच्याच जॅझ बेसमध्ये वाद्यांचा कारागीर रॉजर सॅडॉव्स्कीने प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवला, ब्रिजही बदलला. दोन्ही आवाज लोक आजही शोधत फिरतात. खरा प्रश्न आपल्या हातातला बेस कोणता, हा आहे.

आधी ओळख पटवा

जुना बेस असेल तर कंट्रोल प्लेट उघडून पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. उदाहरणार्थ १३७६६३३. पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्या कंपनीचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन वर्षाचे (१९६६) आणि शेवटचे दोन आठवड्याचे (तेहेतिसावा). ही पॉटची जन्मतारीख आहे, बेसची नव्हे. बेस त्याआधीचा नाही, एवढंच त्यातून कळतं, तेही पॉट मूळचा असेल तर. साठच्या दशकाच्या शेवटी बनलेल्या फेंडरमध्ये १९६६ चे पॉट सर्रास निघतात, कारण साठा वर्षानुवर्षं पुरला. नेकच्या टाचेवरची (लांब दांडा बॉडीला जोडतो त्या टोकावरची) तारीख आणि अनुक्रमांक यांच्याशी ताळा घालूनच निष्कर्ष काढा.

बेस खरोखर पन्नास-साठच्या दशकातला निघाला, तर तारा आणि सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) यापलीकडे जाऊ नका. अशा वाद्यात न हललेलं सोल्डरसुद्धा मोजलं जातं. पुन्हा रंगवलेल्या जुन्या बेसची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, हा जुन्या वाद्यांच्या व्यापारातला ढोबळ हिशेब आहे. रंग कितीही सुबक दिला तरी हा हिशेब बदलत नाही. आजही कारखान्यातून रांगेने बाहेर पडणाऱ्या मॉडेलला ही भीती नाही. पण महागडे पिकअप आणि ब्रिज लावले म्हणून विकताना तेवढे पैसे परत येतील, या भ्रमात राहू नका. मूळ भाग परत लावायचे, बेस वेगळा विकायचा आणि नवे भाग वेगळे. हाच फायद्याचा मार्ग.

अर्धी कामं बदलाविना होतात

‘आवाजात दम नाही’ या तक्रारीवर लोक थेट पिकअप मागवतात. त्याआधी नव्या तारा लावा आणि सेटअप करा. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई तार (सर्वांत जाड) शेवटच्या फ्रेटवर दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिमी फट हवी. सतराव्या फ्रेटवर उंची ई तारेखाली २.४ मिमी आणि जी तारेखाली (सर्वांत बारीक) २ मिमी, इथून सुरुवात करा. मग शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर मोजा. जुन्या धर्तीच्या पिकअपला जाड तारेकडे ३.२ मिमी, बारीक तारेकडे २.४ मिमी. पिकअप याहून फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवरचे सूर डगमगतात आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरच्या सुराचा अचूकपणा) कितीही लावलं तरी बसत नाही. दोष बिचाऱ्या ब्रिजवर जातो.

जुना, ठोकळ, गोलसर आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड तारा आणि ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी, बस्स.

वायरिंग: प्लेटच बदला

जॅझ बेसमध्ये तिन्ही पॉट आणि जॅक एकाच धातूच्या प्लेटवर असतात, ही मोठी सोय आहे. जुन्या प्लेटवरचे पॉट उपसत बसू नका. दुसरी प्लेट घेऊन त्यावर नवी वायरिंग टेबलावर तयार करा. २५० किलोओहमचे तीन ऑडिओ पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि जॅक एवढंच लागतं. मग जुन्या प्लेटवरून फक्त पाच वायरी सुटवायच्या: दोन्ही पिकअपच्या दोन-दोन आणि ब्रिजकडून येणारी अर्थिंगची एक. सुटवण्याआधी दोन कोनांतून फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपचं लेबल लावा. जुनी प्लेट अख्खी पिशवीत जाते, तिच्यातला एकही जोड न हलता. प्रिसिजनमध्ये हेच काम दुसऱ्या पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर) करता येतं.

नवीन पॉट घेताना दांड्याचा आटा मोजा. सीटीएसच्या पॉटला ९.५ मिमी भोक लागतं, लहान आयात पॉटला ७ ते ८ मिमी. लहान भोकात मोठा पॉट बसावा म्हणून मूळ प्लेट कानसने घासू नका. नवी प्लेट घ्या. नॉबही बघा: स्क्रूने आवळायचा नॉब गुळगुळीत दांड्यावर चालतो, दातेरी दांड्यावर दाबून बसवायचा वेगळा येतो.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही नेहमीची अडचण. पाठ काचपेपरने थोडी खरवडा, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं द्रव्य) लावा आणि रुंद टोकाचं, किमान ४० वॅटचं आयर्न वापरा. आयर्न अशक्त असेल तर माणूस ते दहा-दहा सेकंद टेकवून ठेवतो आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. मग नवा कोरा पॉट फिरवताना खरखरतो. तीन-चार सेकंदांत जोड वितळून चकचकीत पसरला पाहिजे.

प्लेट बंद करण्याआधी जॅकमध्ये केबल घाला आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. जॅझमध्ये एकाच पिकअपचा व्हॉल्यूम उघडा असताना ७ ते ८ किलोओहम, दोन्ही उघडे असताना त्याच्या निम्मं, आणि प्रिसिजनमध्ये १० ते ११ किलोओहमच्या आसपास आकडा येतो. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. शंभराच्या पुढे गेलं तर पिकअपची वायर तुटली आहे किंवा जोड धरलेला नाही.

दोन्ही पिकअप उघडल्यावर खर्ज गायब होऊन आवाज नाकातून आल्यासारखा झाला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडतात. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. त्यानंतर फेज जुळली पण दोन्ही उघडे असूनही हम (घोंगावणारा आवाज) राहिला, तर दोन वेगळ्या बनावटीचे पिकअप एकमेकांशी जुळत नाहीत. जॅझचे पिकअप जोडीनेच घ्यावेत ते यासाठी. मागवताना लांबीही तपासा, कारण ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा दोन-तीन मिमी लांब असतो.

एक मत स्पष्ट सांगतो: टोन पूर्ण उघडा असताना कपॅसिटरच्या ब्रँडने आवाज बदलतो म्हणणाऱ्यांवर पैसे घालवू नका. त्याचा आकडा महत्त्वाचा, तोही टोन बंद करत नेल्यावर.

हम कमी करायला कप्प्यात तांब्याची टेप लावायची असेल तर चिकट बाजूनेही वीज वाहणारी टेप घ्या, नाहीतर प्रत्येक पट्टीच्या सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो. टेप अर्थिंगला जोडा आणि जॅकचं टोक तिला टेकत नाही ना बघा. ‘प्लेट आवळली की आवाज बंद’ या रोगाचं कारण बहुधा तेच असतं. जुन्या बेसमध्ये टेपही लावू नका. ती काढताना खालचा रंग सोबत येतो.

ब्रिज आणि ट्यूनर

पाच स्क्रूंच्या फेंडर धर्तीच्या ब्रिजच्या जागी गोतो २०१ सारखा जड ब्रिज त्याच पाच भोकांवर बसतो, म्हणून तो सुरक्षित बदल. नवा स्क्रू जुन्या भोकात थेट पिळू नका. आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो टिक करून किंचित खाली बसतो, तिथून सुलटा आवळा. नाहीतर लाकडात दुसरा आटा पडतो आणि भोक ढिलं होतं. ढिलं झालंच तर लाकडाचा गोंद लावलेल्या टूथपिक भोकात घाला, वाळू द्या आणि कापून सपाट करा.

ब्रिजखाली एक उघडी वायर येते. तीच तारांचं अर्थिंग. ती मागे सरकली तर तारांना हात लावल्यावरही हम कमी होत नाही. जड ब्रिजचा तळ जाड असतो, त्यामुळे सॅडल (ब्रिजवरचे तारेखालचे ठोकळे) पार खाली नेऊनही तारा उंच राहू शकतात. अशा वेळी नेकच्या खोबणीत, पिकअपकडच्या कडेला, ०.२५ मिमी जाडीची बारीक पट्टी ठेवली की साधारण ०.८ मिमीचा फरक पडतो. नेक ड्रिल किंवा बॉडी खोल करण्याची गरज नसते.

ट्यूनर बदलण्याचं खरं कारण वजन. नेक जमिनीकडे झुकत असेल तर हिपशॉट कंपनीचे हलके ट्यूनर उपयोगी पडतात. मागवण्याआधी खांबाच्या भोकाचा व्यास, मागच्या स्क्रूंची जागा आणि ट्यूनर कोणत्या बाजूचे हवेत ते व्हर्नियरने मोजून पाहा. भोक वाढवायला लागणारा ट्यूनर नाकारा. दुसऱ्या मापाचा मिळतो.

जिथे हात आखडता घ्यावा

प्रीअँपसाठी नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि बॅटरीसाठी मागे चौकोनी खड्डा. हा खड्डा बेसला कायमचा. आधी पेडलच्या रूपातला प्रीअँप घेऊन महिनाभर वाजवा. तरीही आतच हवा असेल तर छोटा प्रीअँप निवडा आणि बॅटरी फोममध्ये गुंडाळून कंट्रोलच्या कप्प्यात बसते का ते मापून बघा. बॅटरी बदलताना दरवेळी प्लेट उघडावी लागेल, ती किंमत मोजा. जॅक स्टिरिओच हवा, कारण बॅटरीचं ऋण टोक त्याच्या मधल्या कडीला जातं आणि केबल काढली की पुरवठा तुटतो. साध्या मोनो जॅकने ही सोय मिळत नाही. केबल खोचून ठेवली तर बॅटरी उगाच उतरत राहते.

फ्रेटलेसचा (फ्रेट नसलेल्या बेसचा) मोह बेसवादक जॅको पास्टोरियसमुळे होतो. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा भरलेल्या होत्या आणि बोर्डवर बोटींसाठीचा इपॉक्सी चढवलेला होता. पण बोल्टने जोडलेल्या बेसवर याहून शहाणा मार्ग म्हणजे दुसरा फ्रेटलेस नेक. ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी स्केल (तारेची वाजती लांबी) आणि ६३.५ मिमी रुंदीची टाच जुळली की तो चार स्क्रूंवर बसतो. नवा नेक लावताना स्क्रूची भोकं जुळत नसतील तर बॉडीची नाही, नेकचीच भोकं भरून नवी पाडा.

नेकची पाठ चिकट वाटते म्हणून ती घासायची असेल तर स्टील वूल टाळा. त्याचा लोखंडी भुगा पिकअपच्या चुंबकावर चिकटतो आणि निघत नाही. नायलॉनचा बारीक घासणा वापरा, तोही पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या जाड पॉलिशवरच. नायट्रोसेल्युलोज असेल तर सोडून द्या.

कोरीवकाम टाळता येत नाही असं ठरलंच असेल, उदाहरणार्थ प्रिसिजनमध्ये जॅझचा दुसरा पिकअप बसवायचाच असेल, तर ज्या बेसमध्ये आधीच कोणीतरी कोरलंय असा घ्या. विकत घेताना पिकगार्ड उघडायला सांगा. नव्या खाचेची कड पांढुरकी, कोरी दिसते, मूळ खाचेवर रंगाचा थर असतो. ब्रिजखाली पाचपेक्षा जास्त भोकं आहेत का, नेकचे स्क्रू शेवटपर्यंत आवळतात की नुसते फिरतात, आणि हेडस्टॉकच्या (ट्यूनर बसतात त्या टोकाच्या) मागे भरलेल्या भोकांचे ठिपके दिसतात का, हे तिथेच तपासा. विक्रेत्याकडे काढलेल्या मूळ भागांची पिशवी असेल तर तीही त्याच किमतीत मागा.