जुना एफएम ट्यूनर घेताना काय पाहावे

घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर असतील, तर रेडिओवरचं गाणं नीट ऐकायला जुना एफएम ट्यूनर घ्यावा. तो फक्त स्टेशन पकडून देतो, आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो. सोनी, टेक्निक्स, केनवूड, यामाहा यांचे १९८०-९०च्या दशकांतले साधे ट्यूनर आज फारसं कुणी मागत नाही, म्हणून ते स्वस्त मिळतात. संग्राहकांच्या नावाजलेल्या मॉडेलांमागे जाऊ नका. वाचलेले पैसे अँटेनाला लावा, फरक तिथे कळतो.

पहिलं काम म्हणजे मागची पट्टी वाचणं. आपली स्टेशनं ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये आहेत. खास जपानच्या बाजारासाठी बनलेले जुने ट्यूनर ७६ ते ९० पर्यंतच जातात आणि १०० व्होल्टवर चालतात. ते कितीही देखणे असले तरी परत ठेवा. अमेरिकन सेटला १२० व्होल्ट लागतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा खर्च आला. शिवाय तिथलं डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले वरचे सूर ट्यूनरमध्ये परत कमी करणं) ७५ मायक्रोसेकंदांचं आणि आपलं ५० चं, त्यामुळे अशा सेटवर वरचे सूर थोडे दबतात. पट्टीवर २२० ते २४० व्होल्ट आणि १०८ पर्यंतचा बँड दिसला, की पुढे बोला.

मग दुकानातच वाजवून पाहा. चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, विक्रेता "चालू आहे" म्हणतो तेव्हा बहुतेकदा दिवा लागतो एवढंच त्याने पाहिलेलं असतं. सोबत दीड मीटर वायर, आरसीए केबल (ट्यूनर-अ‍ॅम्प्लिफायर जोडणारी, बहुधा लाल-पांढऱ्या टोकांची) आणि छोटा पॉवर्ड, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, स्पीकर न्या. जोरदार येणाऱ्या स्टेशनवर स्टिरिओचा दिवा लागतो का? डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्या वाजतात का? काट्याचा ट्यूनर असेल तर पंधरा मिनिटं तापू द्या. तेवढ्यात स्टेशन सरकलं तर अलाइनमेंट, म्हणजे आतल्या सर्किटची जुळणी, बिघडलेली असू शकते आणि ती नीट करणारा कारागीर आता शोधावा लागतो. असा ट्यूनर सोडून द्या. डिजिटल ट्यूनर प्लग काढल्यावर साठवलेली स्टेशनं विसरत असेल, तर ते किरकोळ आहे. बॅकअप कपॅसिटर बदलून मिळतो.

घरी आणल्यावर तीनशे ओहमच्या चपट्या वायरची टी आकाराची अँटेना लावा. वरची आडवी बाजू दीड मीटर, खिडकीजवळ, जमेल तितकी उंच. ती भिंतीवर पक्की करण्याआधी हातात धरून दिशा बदलत ऐका, कारण काँक्रीटच्या इमारतीत हातभर जागा बदलली तरी आवाज बदलतो. केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ट्यूनर किंवा ऑक्स लिहिलेल्या जागी जोडा, फोनोला कधीच नाही. ते रेकॉर्ड प्लेयरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं आणि आवाज फाटेल. लांबच्या स्टेशनवर खरखर राहिलीच तर मोनोचं बटण दाबा. स्टिरिओला बराच जास्त सिग्नल लागतो, मोनोत तेच गाणं स्वच्छ येतं.